डाव्या बाजूचा आवाज

गॅरेजमध्ये येणारे लोक त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे कानसेन. गाडी फाटकातून आत शिरत असतानाच मिस्त्री हातातलं काम थांबवत, मान जराशी कलती करून ऐकत आणि गाडीवाल्याने तोंड उघडायच्या आत सांगून मोकळे होत, की पंख्याचा पट्टा सैल झालाय, नाहीतर सायलेन्सरला मागे कुठेतरी भोक पडलंय. बहुतेक वेळा ते खरं निघे. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. आजूबाजूला संगणक लावून दोष शोधणारी चकचकीत दुकानं उघडली, तरी पन्नास-पन्नास वर्षांच्या गाड्या जिवापाड सांभाळणारे लोक लांबून मिस्त्रींकडेच येत. त्या गाड्यांना संगणक जोडायला जागाच नव्हती. त्यांना कान लावावा लागे.

आणि तो कानच गेला. एका सकाळी मिस्त्री उठले तेव्हा डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. सर्दी असेल म्हणून त्यांनी आठवडा काढला. पुढचा आठवडा थेंब घालण्यात गेला. तिसऱ्या आठवड्यात बायकोने अक्षरशः हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कागदावर रेघा काढल्या आणि सांगितलं की डाव्या कानाची नस गेली आहे, पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर काही करून बघता आलं असतं. उजवा कान मात्र उत्तम आहे, तो जपा.

घरी आल्यावर मिस्त्रींनी दार लावलं. बायकोला एवढंच म्हणाले, "हे आपल्या दोघांत राहू दे. पोरीलासुद्धा सांगू नकोस."

या गोष्टीला आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत मिस्त्रींनी स्वतःला बऱ्याच सवयी लावून घेतल्या. गिऱ्हाईक आलं की ते असे उभे राहत, की बोलणारा आपोआप उजवीकडे येई. फोन उजव्या हातात. जेवताना बायको उजवीकडे. एक गोष्ट मात्र त्यांच्या ताब्यात नव्हती. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली की मिस्त्री गॅलरीत जाऊन बघत. घरात यावर दोघं हसत. गॅरेजमध्ये मात्र मिस्त्री या गोष्टीचा विचारच करत नसत.

त्या सोमवारी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई त्यांची जुनी गाडी घेऊन आल्या. फिकट पिवळा रंग, गोल दिवे, मागच्या चाकांवर चालणारी लांबट गाडी. बाईंनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती आणि गाडीसुद्धा त्या तशीच चालवत, काटकोनात. गाडी मुळात त्यांच्या यजमानांची. चार वर्षांपूर्वी यजमानांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात आणि वाचा गेली, तेव्हापासून बाई चालवत आणि यजमान शेजारी डावीकडे बसत. दिवसभरात त्यांच्या तोंडून चार-पाच शब्द निघाले तर निघाले. येत्या शनिवारी बाईंना त्यांना घाटापलीकडे थोरल्या भावाकडे न्यायचं होतं. भाऊ थकले होते, आणि दोघा भावांची भेट पुढे ढकलण्यासारखी राहिली नव्हती.

बाईंची तक्रार होती की गाडी निघताना खालून टक् असा आवाज येतो. मिस्त्रींनी गाडी शेडमधून मागे घेतली, रस्त्यावर काढली आणि पुढे निघताना त्यांनाही तो ऐकू आला. एकदाच, कोरडा, लाकडावर हातोडी बसावी तसा. चौकापर्यंत जाऊन आले, परत गाडी मागे-पुढे करून लावताना पुन्हा टक्. मिस्त्रींनी डोळे मिटले. आवाज कुठला? पायांखालचा वाटला, मग सीटखालचा, मग कुठलाच नाही, नुसता डोक्यातला. पूर्वी अशा वेळी आवाजाला जणू पत्ता असे. आता नुसता आवाज होता.

या जागी मिस्त्रींनी म्हणायला हवं होतं, की मला नक्की कळत नाहीये, चारही बाजू उघडून बघतो. पण बाई समोर उभ्या होत्या, शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गाड्या रंगवणारा रंगारी कामावरून मान वर करून बघत होता, आणि तीस वर्षांची सवय तोंडातून बोलून गेली. "शाफ्टचा क्रॉस गेलाय. मागचा."

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फिरणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट, आणि त्याच्या टोकाला सांध्यासारखा वळणारा तुकडा म्हणजे क्रॉस. जुन्या गाडीत असा आवाज आला की दहातल्या सात वेळा दोष तिथेच असतो. मिस्त्री गाडीखाली शिरले, सांधा हाताने हलवून बघितला, त्यांना तो किंचित ढिला लागला. लागायला हवा होता म्हणून लागला, असं ते नंतर म्हणत. नवा क्रॉस मिळवून गुरुवारी बसवला. जागा करायला गाडी ढकलून तोंड रस्त्याकडे करून ठेवली होती, त्यामुळे फेरी मारताना ती सरळ पुढेच निघाली. आवाज आला नाही. संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मिस्त्री टेबल आवरत होते. काढलेला क्रॉस एका फडक्यावर पडला होता. टाकून द्यायच्या आधी जुना भाग धुऊन बघायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी तो डिझेलमध्ये बुडवून पुसला, उजेडात धरला आणि हात तिथेच थांबला. चारही टोकं गुळगुळीत होती. कुठे चरा नाही, खाच नाही. ग्रीस सुकली होती एवढंच. हा भाग अजून दहा वर्षं चालला असता.

म्हणजे टक् याचं नव्हतं.

रंगारी चहाचा ग्लास घेऊन जवळ आला. दोघं एकाच वर्गात शिकलेले, एकाच शेडमध्ये म्हातारे होत चाललेले. मिस्त्रींच्या हातातला क्रॉस बघून तो सहज म्हणाला, "मला वाटलंच होतं. बाई तर सांगत होत्या, मागच्या चाकापाशी वाजतं म्हणून."

"कधी सांगितलं?"

"सोमवारी, तू बॉनेट उघडत होतास तेव्हा. तुझ्या शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. गाडी मागे घेतली आणि मग पुढे निघालं की डाव्या चाकाशी वाजतं, एकदाच वाजतं. तू मान हलवलीस की."

मिस्त्रींनी मान हलवली असेल. बॉनेट उघडताना बाई त्यांच्या डावीकडे होत्या.

मागे घेऊन पुढे निघताना, एकदाच, डावं मागचं चाक. हे तीन तुकडे जोडायला त्यांना क्षणही लागला नाही. त्या गाडीत मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची टोकं निमुळती असतात. त्यावर चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, घट्ट बसवलेला असतो, एक मोठा नट त्याला दाबून धरतो, आणि बोटाच्या पेराएवढी एक लोखंडी पट्टी, जिला गॅरेजवाले चावी म्हणतात, हब आणि दांडा एकत्र फिरवते. नट सैल झाला की प्रत्येक वेळी दिशा बदलताना हब दांड्यावर हलतो आणि टक् वाजतो. चावी झिजत जाते. एक दिवस ती तुटते, नट गळून पडतो. मग चाक नुसतं सुटून जात नाही, त्याच्यासोबत त्या बाजूचा ब्रेकही जातो. आणि बाई घाटात निघाल्या होत्या.

मिस्त्रींनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बाई गाडी चालवताना फोन उचलत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल त्यांनीच सोमवारी बाईंचं कौतुक केलं होतं. तिसऱ्यांदा लावताना त्यांचं बोट चुकीच्या नावावर पडलं. सातला निघाल्या असतील. बाई पन्नासच्या वर जात नाहीत. वाटेत यजमानांसाठी दोनदा थांबतील. म्हणजे घाटाच्या पायथ्याला पोचायला साडेनऊ, दहा. चढताना एक वेळ ठीक आहे. पलीकडे उतार आहे.

त्यांनी जॅक, मोठा पाना, हब ओढायचं अवजार आणि साखळी गॅरेजच्या पिकअपमध्ये टाकली आणि किल्ली रंगाऱ्यापुढे धरली.

"तू चालव."

रंगारी किल्लीकडे बघतच राहिला. त्या पिकअपच्या स्टिअरिंगला मिस्त्रींनी कोणाला हात लावू दिला नव्हता. पण त्यांचा चेहरा बघून तो काही न विचारता बसला.

मिस्त्री दर पाच मिनिटांनी फोन लावत, कानाला धरून बसत, खाली ठेवत. मोठ्या रस्त्याला लागल्यावर रंगाऱ्याने विचारलं, की इतकी घाई होती तर स्वतः का नाही चालवलीस, तू माझ्या दुप्पट जोरात जातोस.

"मी चालवायला बसलो असतो तर तू माझ्या डावीकडे आला असतास," मिस्त्री म्हणाले. "मग तू काय बोलतोस ते मला कळलं नसतं. माझा डावा कान गेलाय. आठ महिने झाले."

रंगाऱ्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाला, "हाका मारून मारून घसा बसायचा माझा. मला वाटायचं, तुला माज आलाय."

एरवी मिस्त्रींना हसू आलं असतं.

पेट्रोल पंपावरच्या माणसाने पिवळी गाडी ओळखली. पाऊण तासापूर्वी गेली म्हणाला. म्हातारबुवा खिडकीतून बाहेर बघत काहीतरी पुटपुटत होते, बाई वैतागलेल्या दिसत होत्या. पुढे पुलाच्या तोंडाशी गाड्या खोळंबलेल्या दिसल्या आणि माणसं रस्त्यावर उतरलेली. मिस्त्री पिकअप थांबायच्या आधीच दार उघडून पळाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, घोट्याला घासणारे सेफ्टी बूट घालून, उभ्या गाड्यांच्या मधून ते धावले. डावीकडून येणारी एक मोटारसायकल त्यांना ऐकू आली नाही. ती अंगाला चाटून गेली, मोटारसायकलवाला शिव्या देत राहिला, त्याही अर्ध्याच ऐकू आल्या. पुढे एका मालट्रकचं टायर फुटलं होतं. बस्स एवढंच. मिस्त्री ट्रकच्या फळीला धरून उभे राहिले. एवढं बरं वाटलं याचीही त्यांना लाज वाटली, कारण तो ट्रकवाला बिचारा डोक्याला हात लावून बसला होता.

घाट सुरू झाला. वळणामागून वळण, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा. प्रत्येक वळणावर मिस्त्री आधी कठड्याकडे बघत. कठडा शाबूत आहे. पुढचं वळण. शाबूत आहे. रंगारी बोलत होता, काहीतरी धीराचं, पण मिस्त्रींच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपल्याला ऐकू आलं नाही हा गुन्हा नव्हता. ऐकू येत नाही हे आपण सांगितलं नाही. क्रॉस, असं आपण किती ठणकावून म्हणालो होतो.

माथ्यावर, उतार लागायच्या जरा अलीकडे, रस्त्याला रुंद मोकळी जागा होती. पिवळी गाडी तिथे उभी होती. चारही चाकं जागच्या जागी. बाई स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसल्या होत्या. यजमान शेजारी ताठ बसून समोर बघत होते.

मिस्त्री धावत खिडकीशी गेले. बाईंनी डोकं वर केलं, त्यांना बघून दचकल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या. तासाभरापासून यजमानांचा हट्ट चालला होता. एकच शब्द. मागे, मागे. आधी बाईंना वाटलं काही विसरलं. मग वाटलं, यांना भावाकडे जायचंच नाही, घरी परत फिरायचंय. समजावलं, रागावल्या, शेवटी माथ्यावर आल्यावर यजमानांनी चांगल्या हाताने डॅशबोर्डवर इतक्या जोरात थापा मारल्या की बाईंना गाडी थांबवावी लागली.

"दोन महिने या भेटीची तयारी करतेय मी," त्या म्हणाल्या, "आणि हे म्हणतात मागे. आता परतच फिरवत होते गाडी. माझ्याही अंगात त्राण नाही वाद घालायचं."

मिस्त्रींनी वाकून यजमानांकडे बघितलं. यजमानांनी मान हलवली नाही, फक्त डावा हात उचलला आणि खांद्यावरून पाठीमागे बोट दाखवलं. डाव्या चाकाकडे.

"मागे," ते म्हणाले.

त्या गाडीत चाळीस वर्षं बसलेला माणूस. डावीकडे बसलेला, दोन्ही कान धड असलेला. बाईंनी ते बोट बघितलं, मिस्त्रींचा चेहरा बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं. त्या यजमानांकडे वळल्या. मग त्यांनी नुसता त्यांचा हात हातात घेतला.

मिस्त्रींनी गाडीला जॅक लावला, डाव्या चाकाच्या मधली टोपी काढली. नटाला अडवणारी पिन कधीची तुटून पडली होती. नटाला पाना लावायचीही गरज पडली नाही, तो बोटांनी फिरला. हब ओढून काढल्यावर आत लोखंडाचा लालसर भुगा, आणि चावीची उरलेली जाडी नखाएवढी. बाकीची झिजून, चेपून गेली होती. रंगाऱ्याने ती तळहातावर घेतली आणि एकवार उताराकडे बघितलं.

मिस्त्री उठून बाईंसमोर उभे राहिले. हात काळे झाले होते, ते कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

"बाई, तुम्ही मला सोमवारी बरोबर सांगितलं होतं. डावं चाक, मागे घेऊन पुढे निघताना. मला ते ऐकूच आलं नाही. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि ते मी कोणाला कळू देत नाही. मी अंदाजाने क्रॉस सांगितला."

वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी बघितलं. रागाने नाही, पण सुटकाही नाही.

"येत नाही असं म्हणायला एवढं काय अवघड होतं, मिस्त्री?"

मिस्त्री पुन्हा चाकापाशी जाऊन बसले.

गाडी तिथे दुरुस्त करण्यासारखी नव्हती. दांड्याचं टोकच खाल्लं गेलं होतं. हब तात्पुरता आवळून गाडी बाजूला लावली, ओढून नेणारी गाडी बोलावली, आणि रंगारी पिवळ्या गाडीजवळ थांबला. यजमानांना उचलून पिकअपमध्ये बसवलं, बाई त्यांच्या पलीकडे दाराशी, आणि मिस्त्रींनी स्वतः स्टिअरिंग धरलं. कोणी विचारलं नाही कुठे जायचं. ते उतारावरून सावकाश, आरशात परत परत बघत, घाटापलीकडे थोरल्या भावाच्या घरापर्यंत गेले. म्हातारे भाऊ दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याकडे बघून यजमानांच्या तोंडून एक शब्द निघाला, तो त्या दिवसाचा तिसरा-चौथा असेल. "आलो."

मिस्त्री बाहेर पिकअपमध्येच बसून राहिले. आत बोलावलं तरी गेले नाहीत.

गाडीला दुसरा दांडा मिळवायला पाच आठवडे लागले. या वेळी मिस्त्रींनी मागची दोन्ही चाकं उघडली, हब आणि दांड्यावर खडूने आडवी रेघ मारली आणि गाडी वीस वेळा मागे-पुढे करून रेघ तुटते का ते डोळ्यांनी बघितलं. रेघ अखंड राहिली. तरी त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघितलं.

कान गेल्याची गोष्ट त्यांनी आधी मुलीला सांगितली, मग हळूहळू गिऱ्हाइकांना. मुलगी दोन दिवस बोलली नाही, मग येऊन बापाच्या उजवीकडे बसली. काही गिऱ्हाइकं गेली. एक जण तर म्हणाला, कानच नाही तर मग आता तुमच्याकडे काय यायचं. काही राहिली. मिस्त्री आता कोणाचीही गाडी घेताना समोरच्याला बसवून, त्याच्या तोंडाकडे बघत, पहिल्यापासून सगळं ऐकून घेतात. आवाज कधी येतो, कुठे येतो, कोणाला पहिल्यांदा आला. दोष सांगायला पूर्वी मिनिट लागायचं, आता दोन दिवस लागतात. आणि सांगताना ते म्हणतात, बहुतेक.

दर सहा महिन्यांनी उजवा कान तपासायला जावं लागतं. त्या सकाळी मिस्त्रींना न्याहारी जात नाही. दवाखान्यात ते दाराकडे तोंड करून बसतात, म्हणजे नर्सने नंबर पुकारला की तिचे ओठ दिसतात. काचेच्या खोलीत, कानाला यंत्र लावून, अगदी बारीक टींऽऽ असा आवाज येण्याची वाट बघत बसायचं असतं आणि आला की बटण दाबायचं. मधल्या शांततेत त्यांना दर वेळी वाटतं, आवाज येऊन गेला आणि आपल्याला कळलंच नाही. गेल्या खेपेलाही तसंच झालं. तळहाताला घाम आला, बटण निसटायला लागलं. मग डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. उजवा कान होता तसाच आहे, जपा. बायको बाहेर उजव्या बाजूची खुर्ची धरून बसली होती. मिस्त्रींनी तिला मान डोलावून सांगितलं, आणि दुपारी एक गिअरबॉक्स उघडायचा होता म्हणून दोघं बसने परस्पर गॅरेजवर गेली.